सामोरी पात

आमच्या घरात पत्ते खेळायला बंदी होती आणि त्या बंदीचा आम्हाला फार अभिमान होता. गावातली बाकीची पोरं दिवाळीच्या सुट्टीत ओट्यावर बदामसात खेळत बसायची. आमच्याकडे पत्त्याचं एक पान जरी सापडलं, तरी वडील ते चिमटीत धरून सरळ चुलीत घालायचे आणि वर आम्हालाच विचारायचे, "कोणाच्या घरचे हाय तुमी, ठाव हाय ना?" आम्हाला ठाऊक होतं. मेडशीजवळच्या आमच्या गावात आम्ही पत्ते जाळणाऱ्या बाईचे वंशज होतो.

ती बाई म्हणजे माझी पणजी, वडिलांची आजी. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवून बाजारात विकणाऱ्या आमच्या गावातल्या चार-पाच घरांनी नवाच बाप्तिस्मा घेतला होता. मिशनरी साहेब राहायचा वाशिमला. वाट धड नाही, त्यामुळे तो वर्षातून एकदा बैलगाडीनं येणार. मधल्या काळात माणसं सैल पडली. प्रार्थना बाजूला राहिली आणि संध्याकाळी पत्त्यांचा डाव बसू लागला. एक दिवस डाव ऐन रंगात असताना पणजी तिथं गेली, सगळ्यांच्या हातातली पानं हिसकून पदरात गोळा केली आणि चुलीत टाकली. मग तशीच चुलतभावाच्या दारात जाऊन उभी राहिली. तो सुतारकाम करायचा आणि सगळ्यांत त्या एकट्यालाच वाचता येत होतं. त्याला म्हणाली, "आजपासून तू वाचशीन न् तूच बोलशीन. नाही बोलला तं साऱ्याइचं पाप तुह्या डोक्यावर." तो म्हणाला, ऐकायला येणार कोण? ती म्हणाली, "मी येतो ना. अखीन चार जणं आणतो." त्या पाच माणसांची उपासना झाली आणि तिथून आमच्या गावची मेथडिस्ट मंडळी उभी राहिली.

ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल याचा हिशेब नाही. चौतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यातली बरीचशी रिसोडला. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत कोणी आपल्या खानदानाच्या बढाया मारू लागलं की मी डबा बंद करायची आणि पणजीला बाहेर काढायची. माझ्या लग्नात तर कहर झाला. नवऱ्याचे काका मांडवात रमी खेळत बसलेले. वडील शांतपणे उठले, पत्ते गोळा केले आणि आचाऱ्याच्या कढईखाली सारले. वरात परत जाते की काय, अशी वेळ आली होती. मी बोहल्यावर... नाही, आमच्यात बोहलं नसतं, मी मंदिराच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पायरीवर उभी होते आणि खरं सांगते, मला लाज वाटली नाही. उलट मान ताठ झाली. नवरा ती आठवण आजही काढतो आणि आजही मी हसत नाही.

गावात याच गोष्टीवर हक्क सांगणारं दुसरं घर होतं, ते त्या चुलतभावाचं. त्या घराचे मोठे काका आमच्या मंडळीचे सचिव. पंचाहत्तरीचे आहेत, आवाज खणखणीत, आणि चष्मा नेहमी कपाळावर. त्यांचं म्हणणं असं, की पत्ते कोणीही जाळेल, वचन सांगायला अक्कल लागते. माझं म्हणणं असं, की अक्कल घरात निजली होती, तिला उठवायला बाई जावी लागली. आमची ही जुगलबंदी दर उपकारस्तुतीच्या जेवणात चालायची आणि लोक भाजी वाढून घेता घेता ऐकायचे.

मागच्या वर्षी आमच्या मंदिराचा जुना दरवाजा पाडून नवा बांधला. दरवाजाशेजारी एक दगड बसवायचा ठरलं, ज्यांनी ही मंडळी उभी केली त्यांची आठवण म्हणून. दगड एकच होता आणि त्यावर जागा चार ओळींची. सचिवकाकांना त्यावर मिशनरी साहेब आणि त्याच्याखाली आपले पणजोबा हवे होते. मला पणजी हवी होती. मंडळीच्या कुठल्याच वहीत तिचं नाव नाही. साहेबाचं आहे, पणजोबांचं आहे, हिचं कुठंच नाही. दगडावर आलं नाही तर माझ्यामागून तिला ओळखणारं कोणी उरणार नव्हतं. माझी पोरं पुण्यात, त्यांना ती फक्त पत्त्यांपुरती माहीत. म्हणून मी बैठकीत आवाज चढवला. शेवटी असं ठरलं, की मी तिची हकिकत लिहून आणायची, पाळकबाईंनी ती वाचायची आणि पुढच्या रविवारी मंडळीनं निर्णय करायचा.

पाळकबाई म्हणजे आमच्या धर्मगुरू, आमच्याकडे नव्यानं आलेल्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. गावाला पहिल्यांदाच बाई पाळक मिळाली होती. मी मोठ्या ऐटीत दोन पानं लिहून त्यांच्या हातात दिली. त्या वाचता वाचता थांबल्या.

"बाई, ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली?"

"साऱ्या गावाला माहीत आहे. का?"

त्या आत गेल्या आणि पाळकांच्या अभ्यासक्रमाचं एक जाड पुस्तक घेऊन आल्या. पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. आयर्लंडहून जहाजानं अमेरिकेत गेलेली एक बाई. तिच्यासोबतची माणसं परक्या मुलखात जाऊन सैल पडलेली. एक दिवस तिनं त्यांचे पत्ते उचलून विस्तवात टाकले आणि चुलतभावाला म्हणाली, तू उपदेश कर. पहिल्या सभेला पाच माणसं. अमेरिकेत मेथडिस्ट पंथ तिथून वाढला असं सांगतात, आणि त्यालाही आता अडीचशे वर्षं होऊन गेली. पाळकबाई हळूच म्हणाल्या, ही दंतकथा जगभरच्या मेथडिस्टांना माहीत आहे.

"चुलतभाऊ काय करायचा?" मी विचारलं.

"सुतारकाम."

सुतारसुद्धा त्यांचाच निघाला. तेव्हा मला एकदम आठवलं, की आमच्या साऱ्या भावकीत कोणाच्याही घरी कधी रंधा नव्हता की वाकस नव्हता. सगळे वाफे करणारे आणि मोटेचं पाणी वळवणारे. साठ वर्षं मी हा सुतार सांगत आले आणि एकदाही मनात आलं नाही की हा आला कुठून.

मला आधी राग आला तो पाळकबाईंचाच. मग पुस्तकाचा. मग मात्र अशी शरम वाटली की मी चहा तसाच टाकून उठले. पाळकबाई दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "बाई, इथं हे पुस्तक दुसऱ्या कोणाकडे नाही. मी कोणाला सांगणार नाही. काय करायचं ते तुम्हीच ठरवा."

म्हणजे मी गप्प राहिले असते तर पणजी दगडावर गेली असती. हा विचार माझ्या मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. चांगला दोन दिवस मुक्कामाला होता. तिसऱ्या दिवशी मी माझ्या रिसोडच्या घरून वाशिमची एसटी धरली, तिथून कारंजा आणि कारंज्याहून जीपनं कामरगाव गाठलं. पणजीला डोळ्यांनी पाहिलेलं एकच माणूस आता जिवंत होतं, माझी आत्या. तिचं वय नव्वदीला टेकलं आहे. पणजी गेली तेव्हा ती तेरा-चौदा वर्षांची होती. मला वाटत होतं, आत्या म्हणेल, त्या पुस्तकवाल्यांना काय कळते, बुढीनंच जाळले पत्ते. ते ऐकायलाच मी गेले होते.

आत्या अंगणात सांभार निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिनं काडी टाकली, पानं सुपात टाकली आणि हसायला लागली.

"पत्ते? बुढीच्या घरात पत्ते होते कुठी व? दोन वेळची भाकर जमे नाही, पत्ते कुठून आणतीन?"

"मंग हे गोठ आली कुठून, आत्या?"

"बुढीच सांगे. वाशीमच्या मड्डमनं, साहेबाच्या बायकोनं, सांगतली होती तिले."

"म्हणजे बुढी खोटं सांगे?"

आत्याचं हसणं थांबलं. माझ्या वडिलांची बहीण आहे ती, तिच्याही अंगात आमच्या घरचा राग आहे.

"खोटं कायले सांगीन? 'मी जाळले' असं ते कधीच म्हणे नाही. 'एक बाई होती, आपल्यातलीच' असं म्हणे. साऱ्याच गोठी ते तशा सांगे. बायबलातला उधळ्या पोट्टा बापाचं वाटून घेऊन गेला तो रिसोडच्या बाजारात गेला. हरवलेलं मेंढरू मेडशीच्या जंगलात सापडलं. तिले वाचता कुठी येत होतं? शनिवारी चुलतभाऊ वाचून दाखवे, ते ऐके. एकदा ऐकलं का बसलं डोक्यात. मंग आठवडाभर बायाइले सांगे. मी एकदा तिले म्हणलं, बुढे, मड्डमच्या गोठीतली बाई तं जहाजात बसून गेलती, तू साहेबाची बैलगाडी काहून सांगतं? तं म्हणे, पोट्टे, दूरच्या बाईची गोठ सांगतली तं बाया ऐकतात न् घरी जातात. शेजारणीची सांगतली तं त्याइले वाटते, हे आपल्यालेही जमते."

आत्यानं सूप बाजूला सरकवलं. "बुढी गेली न् लोकाइनं तिलेच त्या गोठीत बसवलं. त्याइचाही काय दोष? इतकी आपली करून सांगे ते."

परकी गोष्ट इतकी आपली करून सांगायची की तीन पिढ्यांना जहाज दिसलं नाही, बैलगाडीच दिसली. मी जन्मभर वर्गात उभी राहून शिकवलं, पण हे मला एका धड्यापुरतंही जमलं नव्हतं. शरमेच्या जागी काहीतरी दुसरं यायला लागलं होतं. पण दगडाचा प्रश्न तसाच होता.

"मंग तिनं स्वतः काय केलं, आत्या? मले लिवाचं हाय. पत्ते काढले तं उरलं काय?"

आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी माझ्या वर्गातल्या ढ पोरांकडे पाहायची.

"निंदण केलं."

"निंदण तं साऱ्याच बाया करतात."

"ऐक तं आधी. बाजाराचे दिवस सोडून ते लोकाइच्या वावरात निंदाले, तण काढाले जाये, मजुरीनं. मिशनचा पगार तिले कधी भेटला नाही. वावरात बाया एका ओळीत लागत, हरेकीची आपापली पात. बुढीचा हात लय चालाखीचा. साऱ्याइच्या आंधी तिची पात धुऱ्याले, वावराच्या बांधाले लागे. बाकीच्या बाया पात संपली का धुऱ्यावर बसत, पाणी पीत. बुढी बसे नाही. सर्व्यात मांगं कोण राह्यलं ते पाहे. अशीन एखांदी आजारी, एखांदी पोटुशी, एखांदी रात्री मार खाल्लेली. मंग बुढी तिचीच पात इकडून धरे न् निंदत निंदत तिच्या सामोर जाये. मधात दोघीची गाठ पडे. तिथी ते गोठ सांगे. नाहीतं काहीच सांगे नाही, नुसतं विचारे, जेवली का तू? रविवारी ते बाई मंदिरात येऊन बसे. मंडळी अशी वाढली. वाचणारा भाऊ एक होता, पण त्याच्यासामोर बाया कोणी बसवल्या?"

मी एकदम म्हटलं, "सामोरी पात."

"हो. तेच."

आणि मला हसू आलं, मग रडू आलं. सामोरी पात मला लहानपणापासून माहीत होती. आमच्या गावात सगळ्याच बाया तसं करतात, ख्रिस्ती असोत नाहीतर हिंदू. नववीत असताना मी सुट्टीत पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, निंदायला जायची. माझा हात मंद. सगळ्या पुढं निघून जायच्या, मी एकटी मागं, पाठ मोडून आलेली, डोळ्यांत पाणी. मग पलीकडच्या धुऱ्यावरून एक लाल लुगडं वाकून माझ्याकडे यायला लागायचं. ती बाई आमच्या मंडळीतली नव्हती, मारुतीच्या पाराजवळ राहायची. तोंडानं काही बोलायची नाही. पण माझी पात अर्ध्यात संपायची. पुढं नोकरीनिमित्त मी रिसोडकडच्या, कारंज्याकडच्या शिवारात पाहिलं, तिथं बाया पात संपली की धुऱ्यावर बसून वाट पाहतात. मला वाटायचं, आमच्या गावच्या बाया जात्याच चांगल्या. त्यांना कोणीतरी हे लावून दिलं असेल, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही.

निघताना आत्या म्हणाली, "पत्त्याची गोठ सोडून दे बाप्पा. ते त्या बाईची हाय, तिले राहू दे."

रविवारी उपासना झाल्यावर सगळे बसून राहिले. सचिवकाका पहिल्या बाकावर, चष्मा कपाळावर. मी पुढं गेले. शाळा तपासणीलाही मी कधी घाबरले नव्हते, पण त्या दिवशी घाबरले. मी म्हटलं, "पत्त्याची गोठ आपली नाही. ते अमेरिकेतल्या एका बाईची हाय. मी इतके वर्ष तुमच्यासामोर ते आपल्या घरची म्हणून मिरवली. मले माहीत नव्हतं, पण मिरवली मीच." मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, मग आमच्या पोरांचे पत्ते उगीच जाळले. माझा नवरा खिडकीपाशी बसला होता, तो खाली पाहून हसत होता. त्याला घरी गेल्यावर पाहून घ्यायचं मी ठरवलं.

सचिवकाकांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. "मंग दगडावर लिवाचं काय?" ते म्हणाले. आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं, पण आता ते काय मागतील ते मला माहीत होतं. त्यांच्या पणजोबांचं नाव वहीत होतं. माझ्याकडे आत्याच्या तोंडचे चार शब्द होते.

तेच मी सांगितले. शनिवारी पणजोबा वाचायचे ते सांगितलं, त्यांचं देणं होतं ते नाकारलं नाही. मग निंदण सांगितलं, धुरा सांगितला, मागं राहिलेल्या बाईच्या सामोर जाणं सांगितलं. सांगून झालं आणि सगळ्यांनी सचिवकाकांकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, गेली पणजी.

मग सचिवकाका उठले. त्यांना उठायला वेळ लागतो. मंडळीकडे तोंड करून म्हणाले, "माही माय या गावात लग्न होऊन आली तवा चवदा वर्षाची होती. तिले निंदता येत नव्हतं. माय सांगे, मोठी सासू पलीकडून वाकून वाकून आली न् आली, म्हणून मी या घरात टिकलो, नाहीतं मायेरी पयालो असतो." त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "मोठी सासू म्हणजे कोण, ते मी कधी विचारलं नाही. मले वाटे, आमच्याच घरातली."

मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाई, तिले वर घ्या. साहेब न् आमचा बुढा खाली, बारीक अक्षरात."

साठ वर्षांत त्या माणसानं मला पहिल्यांदाच काही दिलं होतं. मी नुसती मान हलवली, कारण बोलायला गेले असते तर सगळ्यांसमोर रडले असते.

दगड बसवला तेव्हा सोयाबीन घरात आलं होतं आणि तूर फुलावर होती. पाळकबाईंनी प्रार्थना केली. कार्यक्रमाला सगळं गाव आलं होतं. वर पणजीचं नाव आहे, आणि त्याखाली ओळ आहे, मी लिहिलेली: "हिने आपली पात संपवली आणि मागे राहिलेलीच्या सामोरी गेली." जेवणं चालू असताना पाराजवळची एक म्हातारी दगडापाशी येऊन उभी राहिली. त्या लाल लुगड्यावाल्या बाईची ही सून, आता स्वतःच सत्तरीची. तिला वाचता येत नाही. तिनं विचारलं, "काय लिवलं व बाई, सांग ना."

मी वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग पदर सावरून माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू एवढं शिकून या बाईला एवढंही कळू नये.

"याच्यात लिवासारखं काय हाय?" ती म्हणाली. "हे तं आपल्या गावात साऱ्याच करतात."

पत्त्यांच्या गोष्टीचा मी जन्मभर अभिमान बाळगला, पण या एका वाक्यानं मला जसा वाटला तसा कधीच वाटला नव्हता. मी तिचा हात धरला आणि तिला जेवायला घेऊन गेले.